कुत्र्याची लस : आरोपीपासून रुग्णापर्यंतचा दोनशे वर्षांचा प्रवास

(१)
घरात पिल्लू आले की पहिल्या काही आठवड्यांतच पशुवैद्याकडून एक छोटी पुस्तिका मिळते. लशीच्या कुपीवरची पट्टी सोलून तीत चिकटवलेली असते. शेजारी तारीख, सही आणि पुढच्या खेपेचा दिवस. डिस्टेंपर, पार्वो, रेबीज अशी नावे असलेली ही पुस्तिका बहुधा खणात पडून राहते. आजचा धागा त्या पुस्तिकेच्या इतिहासाविषयी आहे. तो मुंबईतील एका दंगलीपासून सुरू होतो आणि गोव्यातील गल्ल्यांपर्यंत येऊन पोहोचतो.

(२)
या इतिहासाचे सूत्र आरंभीच सांगतो. वैद्यकाच्या दृष्टीने कुत्रा दीर्घकाळ रोगाचा वाहक होता, म्हणजे आरोपी होता. आरोपीला शिक्षा देतात, त्याच्यावर उपचार करीत नाहीत. कुत्र्याकडे रुग्ण म्हणून पाहण्याची दृष्टी फार उशिरा आली. ती जेथे आली तेथे कुत्र्याबरोबर माणसाचाही जीव वाचला. आणि जेथे ती यायला वेळ लागला, तेथे त्या विलंबाची किंमत दोघांनीही मोजली.

(३)
आरंभ मुंबईत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनी सरकार शहरातील मोकाट कुत्री वर्षातील ठरावीक दिवसांत मारून टाकीत असे. १८३२ साली ही मुदत वाढवण्यात आली. मारलेल्या कुत्र्यामागे बक्षिसी मिळत असल्याने शिपायांचा उत्साहही वाढला, आणि पाळीव व मोकाट हा भेद उरला नाही. ६ जून १८३२ रोजी, पारशी समाजाच्या पवित्र दिवशीच, ही मोहीम त्यांच्या वस्तीत पोहोचली. जरथुष्ट्री धर्मात कुत्र्याला विशेष मान आहे. अंत्यविधीत मृतदेहावर कुत्र्याची नजर पाडण्याचा ‘सगदीद’ हा विधीच आहे. लोक शिपायांवर धावून गेले.

(४)
दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिले. पारशांबरोबर हिंदू, जैन व इस्माइली व्यापारीही त्यात सामील झाले आणि कुलाब्याच्या छावणीचा रसदपुरवठा अडला. सैन्य बोलावून, धरपकड करून सरकारने दंगल मोडली. पण नंतर कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याची तडजोड पुढे आली. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने भुलेश्वर भागात मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. इतिहासात ही घटना ‘मुंबईची कुत्र्यांची दंगल’ म्हणून ओळखली जाते.

(५)
सरकारची भीती मात्र खोटी नव्हती. पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश हा त्या काळी मृत्यूच होता. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात अशा दंशाचे वर्णन आहे, आणि पाण्याच्या दर्शनाने वा आवाजाने भेदरणाऱ्या रोग्याला ‘जलत्रास’ झाला असून तो वाचत नाही, असा निष्कर्षही आहे. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजचा रोगी जवळजवळ निश्चितच दगावतो, ही स्थिती आजही पालटलेली नाही. म्हणून १८३२ मध्ये दोन्ही बाजूंच्या हाती दोनच पर्याय होते : कुत्रा मारा, किंवा दूर न्या. तिसरा पर्याय अर्धशतकानंतर पॅरिसमध्ये दिसू लागला.

(६)
लुई पाश्चर यांचे नाव घेतले की ६ जुलै १८८५ आणि जोसेफ मायस्टर हा नऊ वर्षांचा मुलगा आठवतो. परंतु त्या मुलाच्या आधी पाश्चर यांची लस कुत्र्यांनी घेतली होती. सशांच्या मज्जारज्जूत विषाणू वाढवून, तो रज्जू कोरड्या हवेत सुकवून त्यांनी रोगाचा जोर उतरवला आणि त्याच्या मात्रा कुत्र्यांना दिल्या. मायस्टर त्यांच्या दारी आला तोवर सर्व वयांची व जातींची पन्नास कुत्री रेबीजला दाद देईनाशी झाली होती, असे त्यांनी त्याच वर्षी विज्ञान अकादमीपुढे सांगितले. म्हणजे पाश्चर यांच्या लशीचे संरक्षण माणसाआधी कुत्र्यांना मिळाले होते.

(७)
मग ही लस कुत्र्यांनाच का देत राहिले नाहीत? अडचण व्यवहाराची होती. एकेका कुत्र्याला अनेक मात्रा द्याव्या लागत, प्रत्येक मात्रेसाठी ससे लागत आणि फ्रान्सभर कुत्र्यांची संख्या अफाट होती. याउलट रेबीजचा विषाणू दंशाच्या जागेपासून मेंदूपर्यंत पोहोचायला साधारणपणे काही आठवडे घेतो. तेवढ्या अवधीत दंश झालेल्या माणसाला वाचवता येत होते. त्यामुळे लस माणसाकडे वळली. निर्णय त्या काळाच्या मर्यादेत योग्यच होता, पण त्याचा परिणाम दूरवर पोहोचला : दंशानंतर माणसाला लस आणि कुत्र्याला मृत्यू, ही विभागणी रूढ झाली.

(८)
हिंदुस्थानात हीच विभागणी आली. १९०० मध्ये कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली. तेथेच डेव्हिड सेम्पल यांनी १९११ मध्ये फिनॉलने निष्क्रिय केलेल्या विषाणूची लस सिद्ध केली. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ही स्वस्त लस पुढे जवळजवळ शतकभर आपल्याकडे वापरात होती. ‘कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं’ ही घराघरांतील आठवण या लशीची. तिने असंख्य जीव वाचवले, तसेच मज्जासंस्थेवरील तिच्या दुष्परिणामांनी काहींना पांगळेही केले. भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले. या सर्व काळात लशीचा विचार दंशापासून सुरू होई. दंश करणारा आधीच सुरक्षित असावा, हा विचार मागे पडला होता.

(९)
तो विचार पुढे आला एका अगदी वेगळ्या रोगामुळे, आणि हा रोग माणसाला होत नाही. डिस्टेंपर. पिल्लाला ताप येतो, डोळ्यानाकातून चिकट स्राव वाहतो, खोकला व जुलाब होतात आणि पुढे मेंदू बाधला की झटके येतात. वाचलेल्या कुत्र्याचा पाय किंवा जबडा जन्मभर फडफडत राहतो. देवीच्या लशीचे जनक एडवर्ड जेन्नर यांनी १८०९ मध्ये या रोगाचे तपशीलवार वर्णन करून तो रेबीजहून निराळा असल्याचे दाखवले. १९०५ मध्ये फ्रेंच पशुवैद्य आंरी कारे यांनी जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही रोगकारक घटक पार होतो, म्हणजे तो विषाणू आहे, असे सिद्ध केले.

(१०)
कारे यांचे म्हणणे जवळजवळ वीस वर्षे बहुतेकांनी मान्य केले नाही. आजारी कुत्र्यांच्या श्वासमार्गात एक जिवाणू वारंवार सापडे, आणि तोच कारण आहे असे मानणारा पक्ष प्रबळ होता. या वादाचा निकाल लागायला पैसा हवा होता. तो आला इंग्लंडमधील शिकारीशौकीन लोकांकडून. ‘द फील्ड’ या साप्ताहिकाने १९२३ मध्ये डिस्टेंपर-संशोधनासाठी निधी उभारायला सुरुवात केली. कोल्ह्याच्या शिकारीसाठी पाळलेल्या कुत्र्यांचे कळप दरवर्षी या रोगाने विरळ होत. त्यामागे प्रेम होते तसा शौकही होता, हे नाकारण्याचे कारण नाही.

(११)
लंडनजवळ मिल हिल येथे मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या प्रक्षेत्रावर पॅट्रिक लेडलॉ आणि पशुवैद्य जॉर्ज डंकिन यांनी काम हाती घेतले. पहिला पेच असा की, ज्याला डिस्टेंपर कधीच झालेला नाही असा कुत्रा मिळणेच कठीण. म्हणून त्यांनी बंदिस्त आवारात रोगमुक्त कुत्री जन्मापासून वाढवली. आत जाणाऱ्या सेवकाला आधी स्नान करून कपडे बदलावे लागत. दुसरा शोध महत्त्वाचा ठरला : फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा लहान पाळीव प्राणी डिस्टेंपरला हमखास बळी पडतो. आता रोग अभ्यासायला खात्रीचा प्राणी मिळाला. कारे यांचे निदान बरोबर ठरले.

(१२)
लेडलॉ-डंकिन यांची पद्धत दोन टप्प्यांची होती. आधी बाधित ऊतींपासून केलेली निष्क्रिय लस, आणि काही दिवसांनी जिवंत विषाणूची अल्प मात्रा. १९२८ च्या सुमारास शिकारी कुत्र्यांच्या कळपांवर तिचे प्रयोग यशस्वी झाले. त्याआधी इटलीत पुंतोनी यांनी १९२३ मध्ये फॉर्मॅलिनयुक्त लस करून पाहिली होती. केवळ कुत्र्याच्या आरोग्यासाठी, माणसाला त्या रोगाची कसलीही भीती नसताना, इतका मोठा वैज्ञानिक प्रयत्न प्रथमच होत होता. कुत्रा येथे खऱ्या अर्थाने रुग्ण झाला.

(१३)
आणि मग या कथेने अनपेक्षित वळण घेतले. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. मुंबई बंदरातून शिरलेल्या त्या साथीला ‘बॉम्बे फीव्हर’ असेही म्हटले गेले. तरीही तो रोग कशामुळे होतो हे पंधरा वर्षांनंतरही ठाऊक नव्हते. १९३३ मध्ये लंडनला पुन्हा साथ आली, तेव्हा विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि तेच पॅट्रिक लेडलॉ यांनी रोग्यांच्या घशातील गुळणीचे पाणी फेरेटच्या नाकात सोडले. फेरेट शिंकू लागले. माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू सापडला. कुत्र्यांसाठी जमवलेल्या वर्गणीतून हाती आलेला प्राणी माणसाच्या कामी आला.

(१४)
जिवंत विषाणू टोचण्यात धोका होताच. तो कमी करण्यासाठी अमेरिकेत रॉबर्ट ग्रीन यांनी १९३९ मध्ये फेरेटमधून वारंवार नेऊन मंद केलेला विषाणू वापरला. पुढे कोंबडीच्या अंड्यातील गर्भात आणि नंतर प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत विषाणू सौम्य करण्याची तंत्रे आली. १९५० च्या दशकाअखेर डिस्टेंपरची सुरक्षित लस आवाक्यात आली. तरी एक कोडे उरले : लस घेतलेली काही पिल्ले तरीही आजारी का पडतात?

(१५)
उत्तर आईच्या दुधात होते. व्यायल्यावर येणाऱ्या पहिल्या दुधाला आपण चीक म्हणतो. पिल्लाला आईची प्रतिपिंडे मुख्यतः या चिकातूनच मिळतात. हे उसने कवच पहिले काही आठवडे पिल्लाचे रक्षण करते, पण तेच लशीतील विषाणूलाही निकामी करते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी १९५० च्या दशकात हे गणित मांडले : ही प्रतिपिंडे दर आठ-दहा दिवसांनी साधारण निम्मी होत जातात. आईचे कवच जाड असेल तर ते उशिरा विरते, पातळ असेल तर लवकर. कोणत्या पिल्लाचे केव्हा विरेल, हे बाहेरून कळत नाही.

(१६)
म्हणूनच पुस्तिकेत एकच तारीख नसते. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर काही आठवड्यांनी लस द्यायची आणि शेवटची मात्रा सोळा आठवड्यांच्या आसपास वा त्यानंतर पडेल असे पाहायचे, हा आजचा सर्वमान्य क्रम. ‘एकदा टोचले, आता पुन्हा कशाला?’ असा प्रश्न पशुवैद्यांना नेहमी ऐकावा लागतो. पुढची मात्रा ही आधीच्या मात्रेची पुनरावृत्ती नसते. आधीची मात्रा आईच्या प्रतिपिंडांनी निष्फळ केली असण्याची शक्यता ती भरून काढते.

(१७)
या गणिताचे मोल १९७८ मध्ये कळले. त्या वर्षी जगाच्या अनेक भागांत जवळजवळ एकाच वेळी कुत्र्यांना रक्ताच्या जुलाबांनी व उलट्यांनी ग्रासले. लहान पिल्ले हृदयाच्या दाहाने अचानक कोसळू लागली. हा पार्वो. मांजरांना होणाऱ्या पॅनल्युकोपेनियाच्या विषाणूशी त्याचे निकटचे नाते होते. आवरणातील मोजक्याच बदलांनी तो कुत्र्याच्या पेशीत शिरू लागला होता. कोणत्याच कुत्र्याला त्याची ओळख नव्हती, म्हणून दोनेक वर्षांत तो जगभर पसरला. हा विषाणू विलक्षण चिवट असून जमिनीवर, भांड्यांवर, चपलांच्या तळव्यांवर महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून ‘आमचे पिल्लू बाहेर जातच नाही’ हे कवच पार्वोपुढे पुरत नाही.

(१८)
साथ नवी असली तरी उत्तर लवकर मिळाले, कारण डिस्टेंपरने पाया घालून ठेवला होता. आधी मांजरांचीच लस कुत्र्यांना देऊन काम भागवले गेले. मग कॉर्नेलमध्ये लेलंड कारमायकेल आणि मॅक्स अ‍ॅपेल यांनी कुत्र्याच्या पार्वोचाच विषाणू सौम्य करून लस तयार केली. आजही लस न घेतलेल्या पिल्लांना पार्वोचा सर्वाधिक धोका असतो.

(१९)
आता पुन्हा रेबीजकडे. कुत्र्यालाच लस द्यावी हा पाश्चर यांचा बाजूला पडलेला विचार जपानने उचलला. उमेनो आणि दोई यांनी १९२१ मध्ये कुत्र्यांसाठी एकाच मात्रेची लस मांडली आणि तिचा सामूहिक वापरही झाला. महायुद्धानंतर १९५० च्या कायद्याने तेथे कुत्र्यांची नोंदणी व वार्षिक लस सक्तीची झाली. मोकाट कुत्री पकडण्याचीही तरतूद होती. १९५७ नंतर जपानमध्ये प्राण्यांतील स्थानिक रेबीज उरला नाही. अमेरिकेत मेम्फिस शहरात १९४८ मध्ये अर्नेस्ट टियरकेल यांनी अल्पावधीत हजारो कुत्र्यांना लस देऊन साथ आटोक्यात आणली. या अनुभवांतून पुढे एक आकडा स्थिरावला : परिसरातील साधारण ७० टक्के कुत्री लसवंत असली, तर रेबीजची साखळी तुटते.

(२०)
प्रामाणिकपणे एक अपवाद नोंदवला पाहिजे. ब्रिटनने विसाव्या शतकाच्या आरंभीच, कुत्र्यांच्या लशीविना, मुसक्या बांधण्याची सक्ती व बंदरांवरील विलगीकरण यांच्या बळावर रेबीज हटवला. परंतु ते बेट होते आणि तेथील बहुतांश कुत्र्यांना मालक होते. जेथे कुत्री गल्लीची असतात, तेथे हा उपाय लागू पडत नाही. मारण्याचा उपायही तोकडा पडतो. मोकळ्या झालेल्या जागी आणि उकिरड्यावर शेजारची, लस नसलेली कुत्री येतात, शिवाय मोहिमेत लसवंत कुत्रीही मारली जातात. म्हणजे भिंत बांधायची आणि आपणच तिच्या विटा काढायच्या.

(२१)
भारतात २००१ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी निर्बीजीकरण व लसीकरण हा मार्ग अधिकृत केला. २०२३ मध्ये त्या जागी नवे नियम आले. कागदावर मार्ग ठरला, पण रस्त्यावर तो क्वचितच ७० टक्क्यांपर्यंत गेला. २०१९ च्या पशुगणनेत देशात दीड कोटींहून अधिक मोकाट कुत्री नोंदली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेबीजने होणाऱ्या जगातील मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश भारतात होतात, आणि त्यांत मुलांचे प्रमाण मोठे आहे.

(२२)
मार्ग पूर्ण चालून पाहिला तो गोव्याने. राज्य शासन आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी २०१४ पासून गावोगावी, वाड्यावाड्यांत मोहीम चालवली. मालकाची कुत्री घरोघरी जाऊन टोचली, रस्त्यावरची जाळ्यात पकडून टोचली व तेथेच सोडली. प्रत्येक कुत्र्याची नोंद मोबाइलवर स्थानासह ठेवली, म्हणजे कोणता वाडा राहिला हे त्याच संध्याकाळी कळे. वर्षाला लाखाच्या आसपास कुत्र्यांना लस मिळू लागली. जोडीला शाळांतून मुलांना शिक्षण, संशयित कुत्र्यांचा शोध आणि तपासणी. माणसांतील रेबीजचे मृत्यू थांबले, कुत्र्यांतील रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाला.

(२३)
कुत्र्याच्या लशीचा परीघ माणसापाशीही थांबत नाही. १९९४ मध्ये टांझानियातील सेरेंगेटीत डिस्टेंपरने सुमारे एक हजार सिंह, म्हणजे तेथील एक तृतीयांश, मृत्युमुखी पडले. संशय भोवतालच्या गावांतील कुत्र्यांकडे गेला आणि त्या गावांत कुत्र्यांच्या लसीकरणाला सुरुवात झाली. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात अवघ्या काही आठवड्यांत २३ सिंह दगावले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तेथील सिंहांच्या नमुन्यांत डिस्टेंपरचा विषाणू ओळखला. आशियाई सिंहांचे जगातील एकमेव नैसर्गिक निवासस्थान आणि जंगलालगतच्या गावातले लस नसलेले पिल्लू यांच्यात अंतर किती थोडे आहे, हे त्यातून दिसले.

(२४)
१८३२ च्या मुंबईत दोन पक्ष समोरासमोर होते : एकाला माणसे वाचवायची होती, दुसऱ्याला कुत्री. दोन्ही हेतू रास्त होते, आणि दोन्ही एकाच वेळी साधणारे साधन तेव्हा कोणाच्याच हाती नव्हते. आज ते आहे. तरीही आपल्या चर्चा अनेकदा १८३२ च्याच पातळीवर होतात : कुत्री हटवा, की कुत्री राखा. या दोनशे वर्षांनी शिकवलेला प्रश्न वेगळा आहे : आपल्या गल्लीतील दहा कुत्र्यांपैकी सात लसवंत आहेत काय?

(२५)
म्हणून समारोप व्यवहाराने करतो. खणातील ती पुस्तिका आज उघडून पाहावी. राहिलेली तारीख असेल तर पशुवैद्यांना विचारून पुरी करावी. गल्लीतील कुत्र्यांना पोळी घालणाऱ्यांनी, ती माणसाळलेली आहेत याचा उपयोग करून, लसीकरणाच्या दिवशी त्यांना धरायला मदत करावी. आणि कोणालाही कुत्रा चावला वा ओरखडला, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना, तिखट यांवर विसंबू नये.

आपल्या घरात, आजोळी वा गावी कोणाला ती ‘चौदा इंजेक्शनं’ घ्यावी लागली असतील, तर ती आठवण खाली अवश्य लिहावी. दवाखान्याच्या दफ्तरात न सापडणारा इतिहास अशा आठवणींतच उरलेला असतो.

धागा समाप्त.